ब्लँक साच्यात झकास दिसतो, मग लेथवर का रडवतो?

प्रश्न निपाणीच्या एका पोराचा आहे, थोडक्यात सांगतो. वडिलांचं टर्निंगचं वर्कशॉप, तिथल्या जुन्या लेथवर हा लाकडाचे किटवाले पेन करतो (आतले सुटे भाग तयार मिळतात), आता रंगीत रेझिनचे ब्लँक, म्हणजे ज्यातनं पेनचं अंग कातायचं ते ठोकळे, स्वतः ओतायला घेतलेत. ऑनलाइन रेझिन मागवलं, त्यात स्टेशनरीच्या दुकानातला अॅक्रिलिक रंग घातला, तर ब्लँक वरनं चिकट राहतो, आत बुडबुडे येतात, दोन रंग ओतले की मिळून एकच मातकट रंग होतो आणि भोक पाडताना एक तर वितळतो नाहीतर फुटतो. पुढे विचारलंय की प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली रेझिन जमवायची टाकी) घ्यायलाच पाहिजे का, घरच्या कुकरला व्हॉल्व्ह बसवून भागेल का, फायबरवाल्याकडचं स्वस्त पॉलिएस्टर वापरू का, ब्लँकमध्ये तंबाखूचं पान घालता येईल का (निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळे हे येणारच होतं), आणि किट न वापरता अख्खा फाउंटन पेन करायचा तर सुरुवात कुठनं करू.

बरं. भावा, कुकरचं आधी सांगतो कारण बाकी कुठे चुकलास तर रेझिन वाया जाईल, इथे चुकलास तर हात-डोळे जातील. कुकर नको. कुकरची शिट्टी साधारण १ किलोच्या दाबाला उचलते, म्हणजे १५ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास, आणि त्याचं झाकण, त्याचा रबर, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं तेवढ्याच हिशोबानं केलेलं असतं. रेझिनला आपण लावतो ४० ते ६० पीएसआय. २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ४० पीएसआय म्हणजे जवळजवळ १४०० किलोचा जोर झाला, हे तुझ्या बाबांना सांग, तेच कुकर उचलून परत स्वयंपाकघरात ठेवतील. पीव्हीसी पाइपला दोन्हीकडे कॅप चिकटवून पॉट करायचे व्हिडिओ फिरतात, तेही बघून सोडून दे, पीव्हीसी पाण्याच्या दाबाला ठीक आहे पण हवेच्या दाबाखाली फुटला की तुकडे होऊन उडतो.

पॉट घ्यायचाच तर स्प्रे पेंटिंगवाले वापरतात ती प्रेशर टाकी घे, १० लिटरची पुरते. आतली नळी आणि ढवळायचं फिरकं काढून टाक, वर रेग्युलेटर, गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक बॉल व्हॉल्व्ह एवढं पाहिजे. टाकीवर जे वर्किंग प्रेशर लिहिलंय त्याच्या खालीच राहायचं, आणि जुनी टाकी घेतलीस तर आधी पाणी भरून दाब देऊन तपासून घे, हवेनं नाही, पाण्यानं. बेळगावात हायड्रॉलिकचं काम करणारे कमी नाहीत, कुणीतरी ओळखीचा करून देईल. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे घट्ट करत जायचं, एका बाजूनं गोल फिरत नाही. आणि गेज शून्यावर आल्याशिवाय बोल्टाला हात लावायचा नाही.

पण खरं सांगू का, पहिले काही महिने तुला पॉट लागतच नाही. लोक आधी पॉट घेतात आणि मग रेझिन शिकतात, उलटं करावं असं माझं मत. कारण पॉट लावून पण ब्लँक मऊ असेल तर मऊच राहणार, आणि तुझं मुख्य दुखणं तेच आहे. दाब नेमका काय करतो ते बघ. गेजवर ४० असताना बुडबुड्याचं आकारमान साधारण पावपट होतं, पण व्यास दोन तृतीयांशाच्या आसपासच राहतो, कारण तो सगळीकडनं सारखा दबतो. म्हणजे ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा डोळ्याला दिसेनासा होतो, थोडी हवा रेझिनमध्ये विरघळूनही जाते, पण ढवळताना तू आत घातलेला १ मिलिमीटरचा बुडबुडा ०.६ चा होऊन तिथेच बसतो आणि लेथवर नेमका क्लिपच्या शेजारी उघडा पडतो. शिवाय रेझिन कडक होईपर्यंत दाब तसाच धरून ठेवावा लागतो, मध्ये सोडलास की सगळे परत फुगले. सावकाश जमणाऱ्या इपॉक्सीला हे रात्रभर आणि वर अर्धा दिवस. त्यामुळे टाकी गळते का ते साबणाच्या पाण्यानं आधी बघून घे, गळत नसेल तर व्हॉल्व्ह बंद करून कंप्रेसर काढून टाकता येतो, मग करंट गेला तरी फरक पडत नाही.

व्हॅक्यूमचं तू विचारलं नाहीस पण कुणीतरी सांगेलच म्हणून. व्हॅक्यूमनं मिश्रणातली हवा ओतायच्या आधी काढता येते, कप एक तृतीयांशच भरायचा कारण फेस फुगून वर येतो. ह्यात एक आपल्या भागातली गंमत आहे, बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण ७५० मीटरवर, तिथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे गेज पाऱ्याच्या २९.९ इंचाला कधीच जाणार नाही, २७ च्या थोडं वर जाऊन थांबणार. पुस्तकात २९ लिहिलंय आणि आपला काटा २७ वर अडकलाय म्हणून चांगले पंप परत करणारे लोक मी बघितलेत.

आता रेझिन कुठलं. पेनसाठी तीन घराणी चालतात, पॉलिएस्टर, इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन, आणि ह्यातलं कुठलं ते आपल्याकडे पावसाळा ठरवतो. पॉलियुरेथेन सगळ्यात छान कातलं जातं, आटे सुबक पडतात, काही तासात साच्यातनं निघतं, परदेशातले पेनवाले त्याच्यावरच जास्त काम करतात. पण त्याला पाण्याचा थेंब सहन होत नाही, ओलाव्याशी त्याची रिअॅक्शन होऊन गॅस सुटतो आणि ब्लँकचा फेस होतो. खानापूर-चंदगडच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटतं, तिथे उघडलेला डबा किती टिकणार? वर बाहेरनं मागवावं लागतं, महाग पडतं, पाच-दहा मिनिटात जमायला लागतं आणि पॉटशिवाय बुडबुडे जात नाहीत. शिकाऊ माणसाला हे रेझिन नको. पुढे कधी घेतलंस तर डिसेंबर ते एप्रिल एवढ्यातच वापर आणि डबा उघडला की संपव.

पॉलिएस्टरचं म्हणशील तर स्वस्त आहे, कातल्यावर काचेसारखी चमक येते, शर्टाच्या बटणांचं मटेरियल तेच. पण फायबरवाल्याकडे टाक्या-दरवाजे करायचं जे जनरल पर्पज रेझिन असतं ते पिवळट किंवा गुलाबी-जांभळट असतं, कारण त्यात कोबाल्ट (जमणं वेगात आणणारं द्रव्य) आधीच घातलेला असतो, पांढरा आणि फिका रंग त्यात खुलत नाही. घेतलंस तर क्लिअर कास्टिंगचं माग. जमताना ५ ते ८ टक्के आकसतं, हवेकडची बाजू चिकट राहते, ठिसूळ असतं, आणि स्टायरीनचा वास असा की शेजारची काकू तिसऱ्या मिनिटाला दारात. ह्याचा हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव्य, एमईकेपी, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के, जाड ओतकामाला १ च्या जवळच. आणि हे नीट वाच: कोबाल्ट वेगळा मिळाला असेल तर तो आणि एमईकेपी एकमेकात थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग एमईकेपी. दोन्ही बाटल्या एका कपाटात पण ठेवू नको. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

अजून एक, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत किंवा माच्छ्याला जाऊन नुसतं "रेझिन पाहिजे" म्हणालास तर निम्मे लोक तुला फाउंड्रीचं रेझिन दाखवतील. ते वाळूचे साचे बांधायचं असतं. आपल्या कामाचं नाही, स्वस्त मिळालं म्हणून आणू नको.

राहिलं इपॉक्सी. सुरुवात ह्याच्यावरच कर, पण कुठलं इपॉक्सी ते बघून. टेबलावर, फोटोवर पातळ थर द्यायचं कोटिंगचं वेगळं आणि जाड ओतायचं कास्टिंगचं वेगळं. कोटिंगवालं दाट असतं, बुडबुडे धरून ठेवतं, आणि एप्रिलमध्ये अर्धा किलो एकाच कपात ढवळून ठेवलंस तर धूर काढतं, कप वितळतो. कास्टिंगवालं पातळ असतं, तासन्‌तास पातळच राहतं, बुडबुडे आपोआप वर येऊन जातात, म्हणून तर म्हटलं की पॉट लगेच लागत नाही. पण त्याचं एक दुखणं आहे जे डब्यावर कुणी लिहीत नाही. हे रेझिन मोठ्या टेबलासाठी केलेलं असतं, दोन-चार किलो एकदम ओतलं की स्वतःच्या गरमीनं ते जमतं. आपण ओततो एका ब्लँकला ५०-६० ग्रॅम. एवढ्याशा मालात गरमीच तयार होत नाही, मग ते दिवसेंदिवस रबरासारखं राहतं, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की बघायलाच नको.

उपाय सोपा. थर्माकोलचा नाहीतर जाड पुठ्ठ्याचा खोका, त्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब खोक्याला चिकटणार नाही असा, एक थर्मामीटर, आणि आत ३५ ते ४० अंश राहील असं बघ. साचा पहिल्यांदा १२-१५ तास बाहेर जमू दे, मग खोक्यात दिवसभर. साच्यातनं काढल्यावर ब्लँक लगेच लेथला लावू नको, आठवडाभर बाजूला ठेव. नंतर जमलं तर ५० ते ६० अंशाला काही तास भाजून घे, जेवणाच्या ओव्हनमध्ये नाही, त्यासाठी वेगळा जुना ओव्हन बघ. भाजलेलं इपॉक्सी गरमीला जास्त तग धरतं, आणि भोक पाडताना वितळणं निम्मं तिथेच बंद होतं. थंडीत रेझिनची बाटली पांढरट, दाणेदार झाली तर फेकू नको, ती गोठलेली असते, ५० अंशाच्या पाण्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाट बघ.

तरी मऊ राहिलं तर वजनाकडे बघ. ही सगळ्यात जास्त होणारी गडबड. डब्यावर २:१ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा मापानं असतं, आणि आपण काटा काढून १०० ग्रॅमला ५० ग्रॅम घालतो. इपॉक्सीचं रेझिन जड, मिलिलिटरला १.१५ ग्रॅमच्या आसपास, हार्डनर हलका, १ च्या थोडा खाली. म्हणजे मापानं २:१ हे वजनानं साधारण १०० ला ४२ ते ४५ पडतं. तू ५० घातलेस तर हार्डनर जास्त झाला, आणि इपॉक्सीत जास्त हार्डनर म्हणजे लवकर जमणं नव्हे, उरलेला हार्डनर आतच मऊपणा धरून बसतो. कंपनीच्या कागदावर वजनाचा रेशो वेगळा दिलेला असतो, तो शोध, आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा घे. ह्या धंद्यात पहिला खर्च मी काट्यावर सांगेन, पॉटवर नाही.

ढवळणं सावकाश, चार-पाच मिनिटं, कपाच्या कडा आणि बूड खरवडत. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत दोन मिनिटं, कारण पहिल्या कपाच्या बुडाला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं आणि शेवटच्या ओतीला तेच नेमकं ब्लँकच्या वर येऊन बसतं. तुझी "वरनं चिकट" तक्रार ह्याची असू शकते, पण तुझ्या बाबतीत मोठा संशय मला त्या अॅक्रिलिक रंगावर आहे. तो पाण्याचा रंग. इपॉक्सीत पाणी घालून ते कडक व्हावं ही अपेक्षा चूक आहे. मायका (अभ्रकाची चमकदार) पावडर वापर, नाहीतर रेझिनची म्हणूनच मिळणारी पिगमेंट पेस्ट. ६० ग्रॅम रेझिनला १ ग्रॅम मायका भरपूर होतो. अल्कोहोल इंक सुंदर पारदर्शक रंग देते पण थेंबात, ढोसली की ब्लँक मऊ. आणि काळा रंग काडीच्या टोकानं घालायचा, बाटलीनं नाही, तो दुसरा सगळा रंग खाऊन टाकतो.

आता मातकट रंगाचं, कारण इथे खरी मजा आहे आणि इथेच लोक घाई करतात. दोन रंग वेगळे राहून एकमेकात वेलांट्या घेत जावेत असं वाटत असेल तर ओतायची वेळ महत्त्वाची. ताजं मिसळलेलं रेझिन पाण्यासारखं पातळ असतं, तेव्हा ओतलंस तर आत ते तासभर फिरत राहतं आणि सगळं एक होतं. थांबायचं. दोन्ही कप शेजारी ठेवून काडी उचलून बघत राहायचं. आधी थेंब पडतात, मग अखंड धार पडायला लागते पण पृष्ठभागावर पडली की लगेच विरून जाते. अजून थांब. गुऱ्हाळावर काकवी उतरवताना बघितलीस ना, धार पडते आणि पडलेल्या जागी क्षणभर वळ्या दिसून मग बसतात, तेवढं दाट झालं की ओतायचं. काडीनं रेघ ओढली तर ती सेकंदभर राहून बुजली पाहिजे. ह्याच्यापुढे गेलास तर रेझिन साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही आणि हवा अडकते. हा टप्पा उन्हाळ्यात आणि थंडीत फार वेगळ्या वेळेला येतो, म्हणून घड्याळावर जाऊ नको, पण वहीत खोलीचं तापमान आणि मिसळल्यापासनं ओतेपर्यंतची मिनिटं लिहून ठेव, वर्षभरानं तीच वही तुझी गुरू होते.

ओतताना दोन्ही कप साच्याच्या दोन टोकांनी, उंचीवरनं बारीक धारेनं, मग काडी आत एकदाच, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत नागमोडी. एकदाच म्हणजे एकदाच. दुसऱ्यांदा फिरवायचा हात शिवशिवतो, बांधून ठेव. रंगांची जोडी पण अशी घे की मिसळले तरी बरे दिसतील, निळा आणि हिरवा, लाल आणि सोनेरी. लाल-हिरवा किंवा निळा-केशरी मिसळला की चिखलच. आणि दोन्हीत मायका असेल तर झळाळीशी झळाळी भांडते. एकात मायका आणि दुसऱ्यात मायका नसलेला गडद साधा रंग, असं मला जास्त आवडतं, पुढे तुझी आवड. मात्र पहिले काही ब्लँक एकरंगी ओत. लई कंटाळवाणं वाटेल, पण एकरंगी ब्लँकमध्ये चूक लपत नाही, बुडबुडा, मऊपणा, न मिसळलेली रेघ सगळं उघड दिसतं.

साच्यासाठी सिलिकॉनच्या मागे लगेच लागू नको. स्वयंपाकघरातल्या भाजी चिरायच्या पांढऱ्या एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन फळीला इपॉक्सी चिकटत नाही. फळीच्या पट्ट्या कापून स्क्रूनं खोका कर, सांधे बाहेरनं टेपनं बंद कर, झालं. किटवाल्या पेनला १९ मिलिमीटर चौकोनी, १३० लांब ब्लँक पुरतो, पण उंची २२ पर्यंत ओत कारण वरची बाजू खोलगट होते आणि धूळ-बुडबुडे तिथेच जमतात. साचा आतनं २० रुंद ठेव, म्हणजे २० बाय २० बाय १३० ला ५२ मिलिलिटर, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम लागतात, २२ उंचीला ६३, कपाला चिकटणारं धरून ७० मिसळ. मायकाही त्या हिशोबात वाढव. सिलिकॉनचा साचा पुढे केलास आणि तो पॉटमध्ये वापरायचा असेल तर तो साचा पण दाबाखालीच जमवलेला पाहिजे. नाहीतर सिलिकॉनच्या आत राहिलेले बुडबुडे दाबानं चेपतात आणि ब्लँकच्या अंगावर फोडासारखे उंचवटे येतात.

तंबाखूच्या पानाचं. जमेल, पण पान आहे तसं नाही. वखारीत पान मऊ राहावं म्हणून त्यात ओल ठेवलेली असते, ती ओल आणि शिरांमधली हवा दोन्ही ब्लँकमध्ये बुडबुडे सोडतात. आधी मंद आचेच्या ओव्हनमध्ये, ६०-७० अंशाला, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळव, काट्यावर बघत. कडकडीत झालं की चुरडतं, म्हणून मोठं अख्खं पान घालायचा मोह सोड, शिरेसकट दोन बोटं रुंद तुकडे घे. ते पातळ इपॉक्सीत बुडवून ब्रशनं दोन्हीकडनं माखून एका प्लास्टिकवर जमू दे, म्हणजे शिरांतली हवा तिथेच निघते. मग साच्यात आधी अर्धी उंची ओत, जेलीसारखं झालं की त्यावर तुकडे ठेव, आणि वरनं उरलेलं ओत, तरंगणार नाहीत. रंग पारदर्शक ठेव, जरा मधाळ छटा दे. फक्त एक लक्षात घे, तू ब्लँक कातून शेवटी १२ मिलिमीटरवर आणणार आणि मधोमध पितळेची नळी, म्हणजे पान दिसणार ते वरच्या दोन-अडीच मिलिमीटरच्या भिंतीत. मधोमध ठेवलेलं पान ड्रिलबरोबर भुशात जाईल. नळीला गुंडाळून, पानावरच ओतलेलं बरं, त्यासाठी नळीची दोन्ही तोंडं मेणानं बंद करून नळीच साच्यात ठेवायची. हेच लाकडाला, फणसाच्या किंवा बाभळीच्या गाठीला लागू, वाळवल्याशिवाय रेझिनमध्ये काही घालू नको.

लेथकडे येऊ. ७ मिलिमीटरचं भोक म्हणजे नवीन नाहीतर नुकतंच धार लावलेलं ड्रिल, ५००-६०० आरपीएम, दर ५-६ मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झटकायचा, पाण्याचा फवारा मारायचा. रेझिनमधनं गरमी बाहेर जात नाही, ड्रिल आतच तापतं, रेझिन फुगून ड्रिलला धरतं, तू जोर लावतोस आणि ब्लँक तडकतो. पलीकडे निघतानाचा फुटवा टाळायचा तर ब्लँक १० मिलिमीटर लांब ठेव, भोक आरपार नेऊच नको, शेवटचा तुकडा करवतीनं काप की भोक उघडं होतं. पारदर्शक रंगात पितळेची नळी आतनं दिसते, म्हणून नळी आणि भोकाच्या आतली भिंत त्याच रंगानं रंगवून वाळू दे, मगच चिकटव.

कातताना बाबांच्या डब्यातली स्टील कापायची कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा धारेचा तुकडा) लावू नको, तिची धार मुद्दाम बोथट गोलसर असते, ती रेझिन कापत नाही, घासते. घासून पाजळलेलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल घे, नाहीतर अल्युमिनियमसाठीची पॉलिश केलेली धारदार इन्सर्ट. सालीकडे बघत राहा, ती डॉक्टरपेक्षा जास्त सांगते. लांब, सलग, पांढरट फीत निघाली की ब्लँक पक्का. साल वाकते, गोळा होऊन टूलला चिकटते तर अजून कच्चा आहे, काढ आणि खोक्यात ठेव, हट्टानं कातू नको. नुसता चुरा उडतोय तर धार गेली किंवा मटेरियल ठिसूळ. शेवटी ओलं पॉलिश पेपर, ४०० पासनं २००० पर्यंत, प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेनं एक हात, आणि पुढे मायक्रोमेश (अतिबारीक पॉलिशचं कापड) १२००० पर्यंत. ओलंच का, तर कोरडं घासलं की तापतं आणि धूळ छातीत जाते.

किटशिवायचा फाउंटन पेन तुझ्या रेझिनवर शिकू नको. आटे पाडणं ही वेगळी विद्या आहे, कच्च्या ब्लँकवर शिकलास तर आटे तुटले ते हातामुळे की रेझिनमुळे हे कळणारच नाही. आपल्याकडे हातानं पेन करायची मोठी परंपरा एबोनाइटची आहे, राजमहेंद्रीचे रत्नम पेनवाले १९३२ पासनं करतायत, आणि एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याचे तयार रॉड मिळतात. तो नाहीतर तयार अॅक्रिलिकचा रॉड घेऊन आधी आटे जमव. सेक्शनला (लिहिताना बोटं धरतात तो निबमागचा भाग) १० बाय १ चा टॅप-डाय, म्हणजे आतले-बाहेरचे आटे पाडायची हत्यारं, सहज मिळतो. अडचण टोपणाची. १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) साधे आटे ७ मिलिमीटर लांबीत पाडलेस तर टोपण उघडायला सात फेरे, लिहिणारा वैतागतो. म्हणून टोपणाला ०.८ पिचचे तीन तोंडाचे आटे (शेजारी-शेजारी तीन आटे एकदम चालणारे) करतात, एका फेऱ्यात २.४ मिलिमीटर सरकतात, तीन फेऱ्यात टोपण हातात. ह्याचे टॅप-डाय मुद्दाम करून घ्यावे लागतात आणि महाग पडतात, पण घरात टर्नर असताना तुला त्याची काय गरज? लेथवर तीन तोंडाचे आटे कसे पाडायचे ते बाबांना विचार, त्यांनी पेनला नसतील पाडले, पण कशाला ना कशाला पाडले असतील. भिंतीची जाडी आट्याच्या तळाला दीड मिलिमीटर तरी उरली पाहिजे एवढं बघ.

तब्येतीचं थोडक्यात, पण टाळू नको. कापडाचा किंवा धुळीचा मास्क रेझिनच्या वाफेला काही करत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनला तर नक्की. इपॉक्सीचा हार्डनर कातडीला सारखा लागत राहिला की एक दिवस अॅलर्जी होते आणि ती परत जात नाही, मग धंदाच सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे घाल, हाताला लागलं तर थिनरनं पुसू नको, थिनर ते कातडीच्या आत ढकलतो, साबण आणि पाणी. उरलेलं पातळ रेझिन गटारात नाही, कपातच कडक होऊ दे आणि मग कचऱ्यात.

आता तुझ्याकडे जे मऊ ब्लँक पडलेत ते फेकू नको, आठवडाभर बल्बच्या खोक्यात ठेवून नख मारून बघ, नुसते थंडीनं कच्चे राहिले असतील तर सुधारतील, पाण्याच्या रंगाचे असतील तर नाही. मग एक एकरंगी ब्लँक वजनानं ओत, तो मधोमध करवतीनं कापून कापलेल्या बाजूचा फोटो काढ, आणि सोबत डब्यावरचा रेशो, रेझिन-हार्डनर-मायकाचे ग्रॅम आणि त्या दिवसाचं खोलीतलं तापमान एवढं लिहून पाठव, त्याच्यावरनं पुढचं सांगतो.